मटणाचा हात

झालं गेलं विसरावं म्हणतात. विसरावं की! पण ज्याला लागलं त्यानंच का म्हणून? लेकाच्या आयटीतल्या नोकरीपायी अमरावती सोडून पुण्यात खराडीला आलेल्या विमलाबाई काही विसरल्या नव्हत्या.

पहिल्याच संक्रांतीला समोरच्या मंदाकिनीबाईंनी सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. विमलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या. तिळगूळ द्यायला हात पुढे केला, तर मंदाकिनीबाई नाकाला पदर लावून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "राहू द्या हो. सकाळी जिनाभर वास होता. मटणाचा हात तुमचा." बायका फिसकन हसल्या. विमलाबाईंच्या तळहातावरचा तिळगूळ तसाच राहिला. घरी येऊन त्या नवऱ्याला, नागोरावांना, म्हणाल्या, "या बाईचं नाक ठेचलं नाही, तर नावाची विमला नाही!"

आणि वर्षानुवर्षं त्या हे रोज मनात घोळवत राहिल्या. भाजी निवडतानासुद्धा.

पण देवाच्या काठीला आवाज नसतो. मंदाकिनीबाईंचा अभिनव, दिवसभर कंपनीत खुर्चीला चिकटलेला पोरगा, त्याला तिशीतच साखर निघाली. आहारतज्ज्ञ बाईंनी भात, पोळी, बटाटा बेताचा करायला लावला आणि भाज्यांच्या जोडीला बिनचरबीचं चिकन, मासे, अंडी सुचवली. घरी आईच्या ओट्यावर अंडंही चालेना. कँटीनमधलं चिकन तेलात पोहणारं. नागोरावांची साखर विमलाबाईंनी अशाच जेवणानं ताळ्यावर आणली होती, ते त्याला ठाऊक होतं. तो विमलाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, काकांसारखा डबा मलाही द्याल?"

"हाव, देईन ना बाप्पा. पण पहिला डबा न्यायला तुझी आई आली पाहिजे. येत्या रविवारी. माझ्याकडे हळदीकुंकू आहे."

नागोराव चरकले. "अगं, हळदीकुंकवाच्या दिवशी कोंबडी?"

"त्याच दिवशी!"

रविवारी त्यांनी कातडी काढलेले छातीचे तुकडे दही, आलं-लसूण लावून चमचाभर तेलावर मंद शिजवले. सोबत वाफवलेली फरसबी, काकडी. मीठसुद्धा जपून घातलं. सूड बाईवर उगवायचा होता, पोरावर नाही.

बायका जमल्या आणि मंदाकिनीबाई आल्या. मान खाली.

विमलाबाईंनी डबा पुढे केला आणि मागे घेतला. "मटणाचा हात आहे हो माझा. चालेल?"

"चालेल."

"मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"चालेल, विमलाताई. पोराचं बघा, माझं जाऊ द्या."

विमलाबाईंनी डबा दिला. काय सांगू, काळीज असं गार झालं त्यांचं! मग मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. आता तरी लावावं, असं सगळ्यांनाच वाटलं. विमलाबाईंनी करंड्याचं झाकण लावलं.

"डबा पोराचा होता. कुंकू माझं आहे."

अभिनवची साखर आता उतरली आहे. मंदाकिनीबाई रोज स्वतः डबा न्यायला येतात. दारालगतच्या फळीवर करंडा असतो, झाकण लावलेला, आणि त्या रोज त्याच्याकडे बघतात.