बाबा नको म्हणाला होता

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि असती तरी सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. ऐकाल, मनात काय म्हणायचं ते म्हणाल — आणि आमचं घर आहे तिथेच राहील.

आधीच सांगून ठेवते, मी डोळ्यांना पदर लावायला बसलेली नाही. जे केलं ते शुद्धीत केलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन. मग सांगायचं कशाला? — तेच तर मलाही नीट कळलेलं नाही. पण सांगते.

आमचं गाव खाडीच्या काठावर, कोपरखैरण्याच्या अलीकडे. मी शाळेत असताना नवीन शहरासाठी आमची भातशेती गेली, मिठागरही गेलं. हातात आलेल्या पैशांतून कुणी मोटरसायकल घेतली, कुणी बँड लावून पोरींची लग्नं केली. माझ्या बाबाने घर बांधलं. दगडी जोतं, पक्क्या भिंती, वर माळा. गवंड्याच्या बरोबरीने स्वतः पाट्या उचलल्या. मिठागरात सोललेले त्याचे पाय तेव्हाही भरलेले नव्हते.

मग गावठाणात बिल्डर फिरायला लागले. आमच्या शेजारच्यांनी घर विकलं. थोड्या वर्षांत पैसे संपले आणि ते आपल्याच जुन्या शेताच्या जागेवर उठलेल्या चाळीत भाड्याने राहायला गेले. बाबा रोज सकाळी ओट्यावर दात घासत त्या रिकाम्या जागेकडे बघायचा. 

आता घरात कोण कोण होतं ते सांगते. आई-बाबा. थोरला भाऊ बाळाराम महाप्याच्या एका कारखान्यात होता, दारूने गेला. त्याच्या मागे यमुना वहिनी आणि तीन मुली. धाकटा हसुराम — आमचा हशा — दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा, त्याचं लग्न झालेलं. आणि मी. मॅट्रिक झालेली, नांदायला गेलेली आणि परत आलेली. का परत आले ते सांगत बसत नाही. टायपिंग शिकले आणि बेलापूरला एका वकिलाकडे लागले.

बाबानेच मला विचारलं होतं. हे लक्षात ठेवा — सुरुवात त्याची होती.

"सुले, असा काय करता येल का, का यो घर कुनीच इकू शकनार नाय?"

मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, घर वडिलांनी स्वतः बांधलंय ना, ज्या शेताचे पैसे घातले तेही त्यांनीच घेतलेलं ना, वाडवडिलांचं काही नाही ना, मग ट्रस्ट करता येईल. घर ट्रस्टच्या नावावर. आई, वहिनी, तिच्या मुली, मी आणि हशा — सगळ्यांना राहायचा हक्क, विकायचा हक्क कुणालाच नाही. आमच्यातलं शेवटचं माणूस असेपर्यंत घर तसंच. सांभाळणारे विश्वस्त दोन, मी आणि मामा. बाबा ऐकून इतका खूश झाला की साहेबांसाठी कोळंबी घेऊन गेला. दस्त मीच टाईप केला. बाबाने साहेबांच्या टेबलाशी बसून अंगठा दिला. राहिली फक्त नोंदणी. तिची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली.

मधल्या दिवसांत हशाला कळलं.

हशा वाईट नव्हता. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही त्याला व्यसनी, उडाणटप्पू समजाल आणि माझं काम सोपं होईल. वाशीला नवा घाऊक बाजार आला होता, रात्रंदिवस माल हलत होता. त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता. मग दुसरा, मग तिसरा. घराला गिऱ्हाईक आलं होतं. आई-बाबांना फ्लॅट, वहिनीच्या हातात थोडे पैसे, बाकीच्यात त्याचा धंदा — असं त्याने मनाशी मांडलं होतं. वेडेपणा होता का? नाही. त्याच्याबरोबरच्या दोघांनी हेच केलं आणि आज त्यांच्या गाड्या गुजरातला जातात. पण त्याच्या त्या मांडणीत मी कुठे होते? आणि वहिनीच्या मुली? "त्यांची लग्नं होतीलच ना," एवढंच.

तो बाबाशी भांडला नाही. भांडला असता तर बाबा हटला नसता. तो जेवताना ताट बाजूला सारून रडला. तिशीतला माणूस, आईच्या समोर. बाबाने अर्ध्यावरच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर बाबा माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आला. असं तो कधी येत नसे.  बस लांबून दिसली तेव्हा म्हणाला, "सुले, नको करू यो ट्रस्ट. थांबव. पोराचा जीव तुटतय. इकू दे त्याला."

मला कागद थांबवायला काय लागलं असतं? साहेबांना जाऊन एक वाक्य सांगायचं. नोंदणी होईपर्यंत ते नुसते कागदच होते, आणि हे माझ्याइतकं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. टाईप मीच केलेला ना.

मी म्हटलं, "बाबा, आता नाय होत. अंगठा दिलास तेव्हाच झाला तो. आता फक्त कचेरीत हजर राहायचा."

"मोडत नाय?"

"नाय मोडत."

झालं. एवढंच खोटं. मी बसमध्ये चढले, मागे वळूनही पाहिलं नाही.

हे मी वहिनीसाठी केलं असं म्हणायला किती बरं वाटेल! तीन मुलींना घेऊन ती कुठे गेली असती? खरंच कुठे गेली असती? पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर वहिनी नव्हती. माळ्यावरची माझी खोली होती. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला भावाच्या फ्लॅटमध्ये कुठला कोपरा मिळतो ते मी गावात पाहिलेलं होतं. मला तो कोपरा नको होता. मला दाराला आतून कडी लावता येईल अशी जागा हवी होती. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

नोंदणीच्या दिवशी बाबाने धुतलेला सदरा घातला. कचेरीत अधिकाऱ्याने दस्ताचा मजकूर थोडक्यात सांगितला आणि नीट विचारलं — "आजोबा, तुम्ही हे स्वतःच्या मर्जीने करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

बाबाने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा तरी? त्याला वाटत होतं की हा प्रश्न रीत म्हणून विचारलाय, उत्तराने काही बदलणार नाही. मला ठाऊक होतं की त्याच्या एका 'नाही'वर सगळं थांबेल. माझ्या मामाला, साहेबांना, कुणालाच काही कळत नव्हतं. मी बाबाच्या नजरेला नजर दिली आणि मान हलवली.

"व्हय," बाबा म्हणाला. "मर्जीनच."

नोंदणी झाल्याचं हशाला कळलं तेव्हा तो ओट्यावर उभा राहून ओरडला. पोटच्या पोरापेक्षा दगडी भिंती प्याऱ्या झाल्या म्हणाला, तू बाप नाहीस म्हणाला. मी आतच, दाराच्या मागे. बाबाने तोंड उघडलं असतं, मी तर थांबव म्हणालो होतो एवढं जरी म्हणाला असता, तर सगळं माझ्यावर आलं असतं. तो बोलला नाही. त्याला वाटलं, चूक आपली, अंगठा आपला, उगाच पोरीला मध्ये कशाला ओढा. हशा त्या दिवशी बायकोला घेऊन गेला. कोपरखैरण्याला खोली घेतली. बाबा गेला तेव्हा आला, पण रस्त्यावर उभा राहिला, तिथूनच तिरडीला खांदा दिला. उंबरा ओलांडला नाही.

आणि घर? घर राहिलं. आई त्याच घरात शांतपणे गेली. वहिनीने खालच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकलं. थोरली पोर नर्स झाली, मधली शिक्षिका. गावठाणात आज चार-पाच मजली इमारती दाटल्यात आणि मध्ये आमचं जोतं. बिल्डर अजून येतात. मी त्यांना चहा देते आणि परत पाठवते. सांगा, कोणी जिंकलं म्हणायचं?

धाकट्या पुतणीच्या लग्नाला हशा आला होता. मांडव दारातच होता. तो कडेच्या खुर्चीवर बसला. केस पांढरे झालेले, अजून दुसऱ्याचीच गाडी चालवतो. मी ताट घेऊन गेले. तो माझ्याशी त्यानंतर पहिल्यांदाच बोलला, रागाने नाही, सहज बोलावं तसा. "ताई, मला घराचं काय वाटत नाय आता. पण त्या दिवशी मी एवढा रडलो, आणि बाबाला एकदा पण माझी दया आली नाय. त्याचं वाटतं."

त्याला आली होती रे दया. दुसऱ्याच दिवशी आली होती. तुझ्यासाठी तो माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आला होता.

हे मी बोलले नाही. बोलले असते तर दस्तावर कोर्टात प्रश्न उभा राहिला असता. साहेबांकडे इतकी वर्षं काढली, एवढं मला कळतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा कोर्ट मनात नव्हतंच. मला फक्त त्याचा तो चेहरा माझ्याकडे वळलेला नको होता.

घर घेतलं याचं मला काही नाही. पण हशाचा बाप त्याच्या बाजूने होता, आणि ते मी त्याच्यापासून घेतलं. अजून परत दिलेलं नाही. देणारही नाही.

मी म्हटलं, "भात वाढू का अजून?"

तो म्हणाला, "वाढ."