घाटासाठी आठ-त्रेचाळीस

ट्रक वर्कशॉपच्या फाटकाशी थांबला आणि केबिनच्या खिडकीतून डॉक्टर सुमती रणदिवे यांनी हात बाहेर काढला. हातात गाडीची चावी होती.

"वसंतराव, गाडी सिमरोलच्या घाटात उभी आहे. इंजिन गेलं," त्या म्हणाल्या. "मी हिला घेऊन मोठ्या दवाखान्यात चाललेय."

त्यांच्या शेजारी एक बाई डोळे मिटून, दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. मी चावी घेतली, ट्रक निघून गेला. डॉक्टरबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. कारण त्या गाडीचं मागचं एक्सल मी निवडलं होतं.

तेव्हा मध्यभारत राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी रियासतीच्या मोटारखान्यात काम शिकलेला माणूस. रियासत गेली, मोटारखाना आटला आणि मी इंदूरच्या छावणी भागात बाबूलालजींच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून लागलो. इंदुरात जरा वेगळी, नाजूक किंवा नखरेल गाडी आली की ती माझ्याकडे यायची. मलाही त्याचा थोडा गर्व होता.

डॉक्टरबाईंची गाडी तशीच होती. हिरवी, दोन सीटची, इंग्लंडची स्पोर्ट्स कार. महू सोडून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अफसराकडून ती त्यांच्या धाकट्या भावाने, रमाकांतने घेतली. रमाकांत एअर फोर्समध्ये. त्याची बदली लांब झाली आणि गाडी बहिणीकडे राहिली. बाई मल्हारगंजात राहायच्या. दर गुरुवारी त्या बडवाहला जाऊन बायकांचा दवाखाना चालवायच्या. रेल्वेची वेळ सांभाळायची तर तिथे जेमतेम दोन तास मिळायचे, म्हणून त्या ही गाडी न्यायच्या. गल्लीतून ती बाहेर काढताना दोन्हीकडचे दुकानदार आपापली पोती आत ओढून घ्यायचे.

एक दिवस रेल्वेने लाकडी पेटी आली, आणि मागोमाग रमाकांतचं पत्र. पेटीत सुपरचार्जर होता. आम्ही त्याला ब्लोअर म्हणत असू. साधं इंजिन स्वतःच्या ताकदीने हवा ओढतं. ब्लोअर पंपासारखी जास्तीची हवा आत ढकलतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, आणि ताकदही जास्त. पत्रात लिहिलं होतं की ब्लोअर बसवा आणि त्याबरोबर मागचा रेशोही बदला, नाहीतर ताकद फुकट जाईल.

हा रेशो काय असतो ते सांगतो. मागच्या एक्सलमध्ये दोन दातेरी चाकं असतात. छोटं पिनियन, मोठं क्राउन. या गाडीत पिनियनला आठ दाते होते आणि क्राउनला एकेचाळीस. म्हणजे टॉप गिअरमध्ये मागचं चाक एकदा फिरायला इंजिनला पाचाहून थोडे जास्त फेरे घ्यावे लागायचे. पिनियनला नऊ दाते केले तर साडेचार फेऱ्यांत काम होतं. इंजिन निवांत चालतं आणि सपाटीवर गाडी जास्त पळते. पण चढावर प्रत्येक फेऱ्याला इंजिनवर जास्त ओझं येतं. सायकलवर लोड घेऊन चढ चढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मी कागद घेतला, आकडेमोड केली. ब्लोअरमुळे ताकद इतकी वाढते, टायर इतका मोठा, तर नऊ-एकेचाळीस बरोबर बसतो. मुंबईहून सेट मागवला. दात्यांना नीळ लावून एकमेकांवर कुठे टेकतात ते पाहिलं, पातळ पत्र्याच्या शिम घालून अंतर जुळवलं. त्या कामात आजही कुणी खोट काढू शकणार नाही. देवास रोडवर नेऊन पाहिली. पूर्वी साठ मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला अडतीसशे फेरे घ्यायचं, आता चौतीसशे. बाबूलालजी शेजारी बसले होते. परत येईपर्यंत ते आपली टोपी धरून हसत होते.

गाडी ताब्यात देताना मी डॉक्टरबाईंना सांगितलं की आता घाटात सेकंड गिअर टाकायची गरज नाही, ब्लोअर आहे, थर्डमध्येच चढेल. त्यांनी मान डोलावली. दोन-तीन आठवड्यांनी ऑइल बदलायला आल्या तेव्हा म्हणाल्या, घाटात गाडी जरा जड वाटते, आणि आतून हरभरे हलवल्यासारखा आवाज येतो. मी म्हणालो, "बाई, नवीन आहे. सवय होईल."

हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल याला हिशेब नाही.

तर त्या दुपारी आम्ही सिमरोलला जाऊन गाडी दोराने बांधून आणली. इंजिनचं हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला वरून भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. कडा मेणासारख्या वितळलेल्या.

कारण कळायला मला वेळ लागला नाही. बाईंना ऐकू येत होता तो आवाज नॉकिंगचा. पेट्रोलने सिलिंडरमध्ये शिस्तीत जळायचं असतं. इंजिन हळू फिरत असेल, पाय एक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असेल, वरून ब्लोअर हवा कोंबत असेल, तर ते जळत नाही, फुटतं. प्रत्येक फुटणं म्हणजे पिस्टनवर हातोडी. त्या काळचं आपल्याकडे मिळणारं पेट्रोल हलक्या प्रतीचं, आणि महिना मे. इंग्लंडच्या पुस्तकातले आकडे इंग्लंडच्या हवेचे होते. मी ते जसेच्या तसे सिमरोलच्या घाटाला लावले होते.

संध्याकाळी मोठ्या दवाखान्यातून निरोप आला. त्या बाईचं नाव गेंदाबाई. मूल आडवं होतं, ऑपरेशन करावं लागलं. आई आणि मुलगी दोघी ठीक होत्या. घाटात ट्रक मिळेपर्यंत तासभर गेला होता. आणखी तास गेला असता तर सांगता आलं नसतं, असं कंपाउंडर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबूलालजींनी आपल्या परीने तोड काढली. ते वाईट माणूस नव्हते, पण वर्कशॉपचं नाव त्यांना जपायचं होतं.

"वसंतजी, रमाकांत साहब को लिख दो, बाईजी ने चढ़ाई पे ऊँचे गियर में खींची," ते म्हणाले. "सेकंड लगातीं तो कुछ नहीं होता. झूठ थोड़ी है."

खोटं नव्हतंच, हीच तर पंचाईत होती. सेकंड टाकला असता तर पिस्टन वाचला असता. पण सेकंड टाकू नका, हे मीच सांगितलं होतं. मी म्हणालो, आधी बाईंना भेटून येतो.

मल्हारगंजात त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या नुकत्या दवाखान्यातून आल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रेशो माझा, सल्ला माझा, आणि तुम्ही आवाजाचं सांगितलंत तेव्हा उडवून लावलं तेही मीच. त्यांनी बसायला सांगितलं. पाणी दिलं.

"मला सेकंड टाकावासा वाटत होता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलं होतंत नको म्हणून. आणि गेंदाबाई शेजारी होती. दर वळणावर गिअर बदलला की गाडी हिसका देते. प्रत्येक हिसक्याला ती कळवळायची. म्हणून बदलला नाही."

"तुम्ही नेहमी पेशंट आणता त्या गाडीतून?"

"महिन्यातून तीन-चारदा तरी. बडवाहला ऑपरेशनची सोय नाही."

"रमाकांत साहेबांना माहीत आहे?"

"त्याने विचारलं नाही. तुम्हीही नाही, वसंतराव. तुम्ही दोघांनी सगळं पत्रातूनच ठरवलंत."

हिरवी स्पोर्ट्स कार, सुपरचार्जर, एअर फोर्सचा पायलट. म्हणजे वेग हवा, असं मी धरून चाललो होतो. गाडी दर आठवड्याला कुठे जाते, कोण चालवतं, शेजारी कोण बसतं, यातलं मी काही विचारलं नव्हतं. एका डॉक्टरबाईंच्या अॅम्ब्युलन्सला मी रेसचं एक्सल बसवलं होतं.

नवीन पिस्टन आला. जुना आठ-एकेचाळीसचा सेट मी ग्रीस लावून ठेवलेला होता, तो परत चढवला. पण या वेळी गाडी ताब्यात देऊन मोकळा झालो नाही. गुरुवारी बाईंबरोबर बडवाहला गेलो. त्या चालवत होत्या, मी शेजारी वही घेऊन.

जाताना उतार, त्यात शिकण्यासारखं फारसं नव्हतं. एवढंच कळलं की घाट संपल्यावर बडवाहपर्यंतचा रस्ता असा आहे की कुणी शहाणा माणूस पंचेचाळीस मैलांच्या वर जाणार नाही, आणि डॉक्टरबाई शहाण्या होत्या. रमाकांतला ऐंशीने पळायचं होतं. ते ऐंशी मैल या रस्त्यावर कुठेच नव्हते.

दुपारभर दवाखान्याच्या ओसरीवर बसलो. बैलगाडीतून बायका येत होत्या. एक आजी मला विचारून गेली की गाडी बाईसाहेबांची का तुमची, आणि पुन्हा बिघडणार नाही ना. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथल्या निमाडी बोलीत मोडकंतोडकं दिलं.

परतीच्या चढावर खरं काम. गेंदाबाई कशी बसली होती ते बाईंना विचारून मी तसाच पाय दुमडून, मागे रेलून बसलो. आधी बाईंनी दर वळणाला सेकंड आणि पुढे थर्ड, असा गिअर बदलत घाट चढवला. गिअर बदलताना एरवी मला काही जाणवत नाही. मीच चालवत असतो ना. त्या सीटवर प्रत्येक बदल पाठीत बसत होता. मग आम्ही गाडी वळवून परत खाली गेलो आणि नुसत्या थर्डमध्ये चढलो. मी आरपीएमच्या घड्याळावर डोळा ठेवून होतो. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर असेल तोवर आवाज स्वच्छ. खाली आलं की हरभरे सुरू. दोन वळणं इतकी तंग होती की तिथे वेग बावीसवर यायचा आणि इंजिन एकोणीसशेवर.

"ऐकू आलं?" बाईंनी विचारलं.

"आलं."

"सवय करून घ्यायची का?"

त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या, पण हसत होत्या. मीही हसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

घरी येऊन पुन्हा आकडेमोड केली, पण या वेळी उलट्या टोकाने. घाटातलं सगळ्यात तंग वळण, वेग बावीस मैल, गिअर थर्ड, इंजिन दोन हजार. यातून मागे येत गेलो तर उत्तर आलं आठ-त्रेचाळीस. म्हणजे मूळ सेटपेक्षाही खालचा, इंजिनला आणखी जास्त फेरे घ्यायला लावणारा. ब्लोअर लावलेल्या गाडीला कुणी असा रेशो देत नाही. मुंबईच्या पार्टवाल्याने तर तार करून विचारलं की आकडा लिहिताना चूक तर झाली नाही. मी कळवलं, नाही. शिवाय ब्लोअरची पुली मोठी करून घेतली, म्हणजे तो थोडा हळू फिरेल आणि हवा जरा कमी कोंबेल.

बाबूलालजींना पटवणं अवघड गेलं. ते म्हणाले, "घोड़ा खरीद के बैल की चाल चला रहे हो." मी त्यांना फिरायला नेलं नाही, घाटात नेलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच गिअर, एकही हरभरा नाही. माथ्यावर त्यांनी उतरून बॉनेटवर हात ठेवून पाहिला, आणि परत बसताना म्हणाले, "ठीक है भिया, बैल ही सही." रमाकांतला सगळं खरं लिहून टाकायला त्यांची हरकत राहिली नाही.

पूर्वी ब्लोअर नसताना सेकंडमध्ये घाट चढायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा आता सात मिनिटं कमी लागत होती. मला ती थोडी वाटली. एवढ्या खटाटोपाचं फळ फक्त सात मिनिटं, असं मी बाईंना म्हणालोही.

"तुमच्या धंद्यात कमी असतील," त्या म्हणाल्या.

दिवाळीत रमाकांत रजेवर आला. उंच, गोरा, बोलायला मोकळा मुलगा. त्याने पहिल्याच सकाळी गाडी देवास रोडला नेली आणि तासाभरात माझ्याकडे आला. पत्र पोचलं होतं, तरी त्याचा चेहरा उतरला होता. इंजिन साठ मैलांनाच ओरडतं, सगळी ताकद मारून टाकलीत, म्हणाला. नेमका दुसरा दिवस गुरुवार होता. बाईंनी त्याला गाडी चालवायला लावली. येताना बडवाहहून त्यांना एक पेशंट आणायची होती, म्हणून त्या स्वतः रेल्वेने आल्या आणि पेशंटला भावाच्या शेजारी बसवून दिलं.

शुक्रवारी तो पुन्हा वर्कशॉपला आला. रेशोबद्दल एक शब्द काढला नाही. शेजारची सीट थोडी मागे कलेल अशी करता येईल का, एवढंच विचारलं. करता आली. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

गाडी पुढे नऊ वर्षं त्या घाटातून आली-गेली. एक्सल पुन्हा उघडावं लागलं नाही. मी रिटायर होईपर्यंत अनेक गाड्यांचे रेशो ठरवले, आणि दर वेळी जॉब कार्डावर सगळ्यात वर पेन्सिलने दोन प्रश्न लिहायचो: गाडी कुठे जाते, आणि चालवतं कोण. त्यांची उत्तरं मिळाली की आकडेमोड पाच मिनिटांची असते. न विचारता केलेली आकडेमोडही पाच मिनिटांचीच असते. पिस्टन तेवढा जास्तीचा लागतो.