उजव्या कुशीचा सेन्सर

माझा थोरला भाऊ भांडत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प बसतो, आणि त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही तिटकारा आहे.

कुंभवलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी दांडीला घरी परतलो. बोट दोघांची, पण बाबा गेल्यापासून तोच चालवत होता. माझं येणं त्याच्या डोळ्यांत खुपलं. त्याने वहिनीकरवी निरोप धाडला: यंदा मासळी वाढवून दाखव आणि बोटीवर राहा, नाहीतर पुन्हा कारखाना धर. एकाच घरात राहून निरोप पाठवणारा माणूस!

मी फिशफाइंडर आणला. त्याचा पडदा केबिनमध्ये बसतो, पण पाण्यातले मासे हेरणारा सेन्सर बोटीच्या तळाला बाहेरून लावावा लागतो. पावसाळ्यामुळे बोट किनाऱ्यावर टेकूंवर सरळ उभी होती. दुकानदाराने बजावलं होतं, बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ लावू नका, बुडबुडेच मासे म्हणून दिसतील. मी बोटीखाली आडवा पडून जागा शोधली. डाव्या बाजूने वायर लांब पडत होती, म्हणून उजवी धरली. भोक पाडलं, सेन्सर आवळून बसवला. दादा शेजारीच फाटकं जाळं शिवत बसला होता. एकदा उठून, वाकून त्याने काम नीट पाहिलं आणि पुन्हा जाळ्याकडे गेला. मला वाटलं, पाघळला. कसला पाघळतोय तो!

नारळी पौर्णिमेला वहिनी बोटीला हळदकुंकू लावत होती, तेव्हा त्यानेच तिला सांगितलं, मशीनलाही लाव. मी वेडा मनातून हरखलो.

भरतीला बोट खाडीत उतरवली. पडद्यावर तळ लख्ख दिसला. मग ओहोटी लागली, खाडी सुकली आणि सगळ्या बोटी चिखलात कलल्या. बाबांच्या वेळी आमची बोट डावीकडे कलायची. नंतर दादाने खाडीत बोट बांधायची जागा बदलली होती, तसा तिचा कलही बदलला होता. आता ती उजव्या कुशीवर निजली, सगळा भार सेन्सरवर टाकून. पाणी परत आलं तेव्हा पडदा कोरा होता.

"दादा, ती या बाजूला कलते, तुला ठाऊक होतं ना?" मी विचारलं.

"सगल्या बंदराला ठाव हाय," तो म्हणाला. "तू इचारलंस काय?"

हळदकुंकूसुद्धा त्याने ठाऊक असूनच लावायला लावलं होतं. मी वहिनीचंही जेवण नाकारलं आणि कारखान्याची बस धरली. केबिनमधला पडदा माझा होता, पण तो मागायलासुद्धा मी थांबलो नाही.

परवा दांडीला गेलो होतो. बोट खाडीत आडवी होती, वर आलेल्या डाव्या कुशीला नवा सेन्सर बसवलेला. केबिनमध्ये डोकावलो, तर पडदा माझाच.