मागच्या सीटवरचं वजन

माझ्या साडूने गाडी विकताना मला फसवलं. दिवाकर त्याचं नाव. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, चष्मा लावतो आणि हळू बोलतो. हळू बोलणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नये हे धंद्याने मला कधीच शिकवलं होतं... तरी केला.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी हसायला नको. कुरखेड्याला माझं भांड्यांचं दुकान आहे. बापाने दिलेलं नाही, मी उभं केलेलं. सायकलच्या कॅरियरला गंज-पातेली आणि पराती बांधून आठवडी बाजार केले, तिथून सुरुवात. भांडं हातात घेतलं की मी वजन सांगतो, काटा माझ्या मागून बोलतो. भूत, लागीर, बाहेरचं — असलं काही मी कधी मानलं नाही. या जंगलातून माल आणताना मला वाघ आडवा गेला आहे, अस्वल आडवं गेलं आहे. भूत कधी आलं नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते करमणूक म्हणून. आता स्वतः लिहायला बसलोय.

आणखी एक गोष्ट. आम्हाला लेकरू नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून लिहितोय. कृपा करून डॉक्टरांचे पत्ते पाठवू नका, सगळे फिरून झाले.

तर गाडी. दिवाळीच्या सुमारास दिवाकरने त्याची पांढरी गाडी विकायला काढली. मी ऊर्जानगरला गेलो, टायर पाहिले, कागद पाहिले, बॉनेट उघडून ऐकलं. मग असा भाव सांगितला की समोरच्याने चिडून उठायला पाहिजे. माझी पद्धतच ती आहे. समोरचा चिडला की त्याची खरी किंमत तोंडातून निघते. दिवाकर चिडला नाही. त्याने चष्मा पुसला, आत बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्या."

पुढचं वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. खरं सांगतो, मला मजा आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या. ललिताताईने शोभाचा — माझ्या बायकोचा — हात धरला होता. मला वाटलं, घरची गाडी जाते म्हणून वाईट वाटत असेल.

गाडी घरी आणली आणि मला खोट सापडली. गाडी मागून, डाव्या बाजूने बसलेली होती. थोडीशीच. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, पण मी वजनाचा माणूस आहे. वडश्याच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने खाली झोपून पाहिलं, उठला आणि म्हणाला, "भाऊ, स्प्रिंग एकदम सही हाय. मांगं काही ठेवलं असन तुमी, ते काढा ना."

"काय ठेवलं? पाह्य ना खोलून. रिकामी हाय गाडी."

त्याने दार उघडून पाहिलं. सीट रिकामी होती. पायाखालच्या मॅटवर तेवढी थोडी रेती होती, ओली. ती रेती मी त्याआधीही झाडली होती. त्यानंतरही झाडली. ती परत यायची.

मी दिवाकरला फोन लावला. "साडभाऊ, मागचं स्प्रिंग बसलं हाय. हे काऊन नाई सांगितलं?"

तो म्हणाला, "स्प्रिंग नवीन आहे." आणि फोन ठेवला.

त्या काळात शोभा बदलली. ती गाणारी बाई नव्हे, पण गाडीत बसली की गुणगुणायला लागली. मागची डावी काच नेहमी अर्धी उघडी ठेवायला लावायची. बाजारात बोरं घेतली की दोन पुड्या. मी विचारलं तर म्हणे, "मले लागतात." मी जोरात चालवली की चिडायची, "हळू चालवा ना, मांगं..." आणि तिथेच थांबायची. मला वाटलं, गाडीचं कौतुक आहे. उभं आयुष्य एसटीने फिरलेली बाई.

मग एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, दिवाकर भेटला. हिवाळ्यात ते कुटुंब अंदमानला जाऊन आलं होतं. तिथे भाड्याने गाडी घेऊन अख्खं बेट फिरले म्हणे. मोबाईलवर नारळाची झाडं, निळं पाणी, टोपी घातलेला दिवाकर. "बेटाची गंमत अशी की कुठूनही निघा, रस्ता फिरवून तिथेच आणतो." चार लोकांत असं बोलला की जणू बेट यानेच बांधलं.

मला राग आला. परतताना मी शोभाला म्हटलं, "बेटच पाह्यचं हाय ना? आपल्या वैनगंगेत हाय. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाडी जाते. लग्नाची गर्दी सरली की दुकान बंद ठेवतो, जाऊ."

शोभा एकदम म्हणाली, "तिथी नको."

"काऊन?"

"असंच. नको."

आता धंद्यात 'नको' म्हणजे 'अजून बोला'. माझं आयुष्य या एका गोष्टीवर उभं आहे. मी बोलत राहिलो. शेवटी ती गप्प झाली, म्हणजे माझ्या हिशोबाने सौदा झाला.

उन्हाळ्यात, मुहूर्त नव्हते त्या दिवसांत, आम्ही सकाळीच निघालो. वडसा सोडून नदीच्या बाजूने खाली गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, लोक गर्दी करतील. त्या दिवसांत वैनगंगा एका कडेने वाहते, बाकी सगळी रेती. रेतीत डांगरं, म्हणजे खरबुजं, पिकवणारे डांगरवाडीवाले ढिवर लोक ट्रॅक्टर नेण्यासाठी रेतीवर कापसाची वाळकी पराटी आणि भाताचं तनस अंथरून वाट करतात. त्या वाटेने गाडी बेटावर चढली. लांबच लांब बेट. काठाने शिंदीची झाडं, आत बांबू, जांभूळ, मोहाची मोठी झाडं, आणि चहूबाजूंनी फिरणारी एक गाडीवाट. मी म्हटलं, "घे तुझं अंदमान!"

शोभा हसली. मोकळी हसली. "ते पाह्य, मुंगूस! ते पाह्य, बगळे कितीक बसले!" मलाही बरं वाटलं. एका वळणावर मी तिच्याकडे पाहिलं... तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. ती मागे वळून दाखवत होती.

"कोणाले दाखवून राह्यली?"

"काई नाई. समोर पाहा तुमी."

गाडी डावीकडे ओढत होती. स्टिअरिंग धरलेल्या हाताला ते कळत होतं. रेती असेल म्हणून मी सोडून दिलं. भर उन्हात एसी चालू होता आणि गाडीत ओल्या नदीचा वास होता.

फेरा पूर्ण करून आम्ही खालच्या टोकाला आलो. तिथे डांगरवाडी होती. झोपडीसमोर एक बाई डांगरं रचत होती. मी उतरलो.

"डांगर कसं दिलं बाई?"

तिने भाव सांगितला. मी हातात एक उचललं. "लोखंडाचं हाय का?"

"मंग लोखंडच खाय ना भाऊ. डांगर काऊन मांगतं?"

"रेतीत फुकट उगवते, नं भाव शहरातला!"

"फुकट उगवते तं घे ना तू भी मुठभर बी. बस इथी उन्हात." कंबरेवर हात ठेवून ती हसली. "एसीच्या गाडीत फिरते नं डांगराले भाव करते. बायको कशी राह्यते तुयापाशी?"

मला मजा येत होती. खूप दिवसांनी कुणी जोडीचं भेटलं होतं. मी दुसरं डांगर उचललं, बोटाने वाजवलं, तोंड वाकडं केलं. तेवढ्यात तिची नजर माझ्या मागे गेली.

"भाव कर तू आरामानं," ती म्हणाली, "पण पोरीले काऊन गाडीत डांबलं? उतरू दे ना तिले सावलीत."

"कोणती पोरगी?"

तिने मागच्या काचेकडे बोट केलं. मी पाहिलं. सीट रिकामी. शोभा पुढे बसली होती, मान खाली घालून. बाई दोन पावलं पुढे आली, मागच्या काचेवरचं मोराचं स्टिकर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तं तेच गाडी होय. मांगच्या उन्हाळ्यात चष्मेवाला आला होता, लोकं घेऊन, पार्टी कराले. त्याले म्हणलं, बाबा, जाताना दारं खोल, रेती झाड, मंग जाय. हसला नं गेला."

मग तिने सांगितलं. त्यांच्यात बेटावरून निघताना डोंगा, म्हणजे होडी, उलटा करतात, बुडावर थाप मारतात, म्हणतात — ज्याचं घर इथी, त्यानं इथीच राहावं. बेटाची रेती काठावर न्यायची नाही. ट्रॅक्टर असो की मोटर, झाडूनच न्यायची. कोण पोरगी, कुठली, कधीची, हे मी विचारलं. ती म्हणाली, "मले का माहीत? आमी नाव नाई घेत."

माझं डोकं सणकलं. भीतीने नाही, रागाने. त्या 'न्या'चा अर्थ मला त्या क्षणी लागला. मी तिचा खराटा उचलला, चारही दारं खाडखाड उघडली.

शोभा उतरली आणि मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. "राहू द्या."

"बाजूला हो."

"राहू द्या ना हो. काय मांगते ती आपल्याले? बसूनच तं राह्यते."

"मले न सांगता गळ्यात मारलेला माल मी ठेवत नाई!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने माझ्याकडे कधी काही हट्टाने मागितलं नव्हतं. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. ध्यानात दिवाकर होता. मी मॅट ओढून काढल्या, आपटल्या, सीटखाली खराटा घातला. ओली रेती येतच होती. शेवटी संपली. मी टपावर थाप मारली आणि ओरडलो, "ज्याचं घर इथी, त्यानं इथीच राहावं!"

वारा नव्हता. काही दिसलं नाही, आवाजही नाही. फक्त गाडी मागून, डाव्या बाजूने उठली. माणूस उतरल्यावर उठते तशी. आधी दबली, मग उठली. माझा हात टपावर होता, मला ते हातात कळलं. आणि हातात आलेलं वजन मी चुकत नाही. शाळेत जाण्याएवढं लेकरू. फार नाही. हडकुळं.

बाई डांगरांकडे वळली. शोभा बांबूंकडे पाहत राहिली. कितीतरी वेळाने गाडीत बसली, ती मागे, डाव्या बाजूला. गाडी मागून पुन्हा थोडी बसली होती, पण ते शोभाचं वजन होतं. मला फरक कळतो.

त्यानंतर मॅट कोरडी आहे. गाडी सरळ उभी राहते. घरात बोरांची, फुटाण्यांची एकच पुडी येते, कधी तीही नाही.

मी ऊर्जानगरला गेलो. दारातूनच सुरुवात केली. "साडभाऊ, नात्यातल्या माणसाले खोटा माल देता तुमी?"

दिवाकरने चष्मा काढला. "तुम्ही टायर पाहिले, कागद पाहिले. जे विचारलं ते सगळं सांगितलं."

"नाई विचारलं ते?"

तो चष्मा पुसायला लागला. बोलली ललिताताई. "आमच्या पोरी भेत होत्या भाऊ. गाडीत बसतच नव्हत्या. मी शोभाले फोन केला, म्हणलं, दूर कुठी विकून टाकतो, नाई तं परत बेटावर सोडून येतो. ती म्हणाली, विकू नको ताई. मले दे."

मी उभा होतो तो खाली बसलो.

"म्हणजे तिले आधीपासून..."

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तं हे तुमच्या भावात देऊन मोकळे झाले."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं?"

"जे केलं तेच," ललिताताई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तो चहा मी प्यायलो नाही.

हे असं झालं. कारण मला माहीत नाही. मेकॅनिकला माहीत नाही. एक शिकलेले ओळखीचे म्हणाले, रेतीच्या वजनाने गाडी बसते, झाडली की उठते. मी त्यांच्यासमोर तेवढी रेती परातीत जोखून दाखवली. लेकराच्या वजनाएवढी ती भरली नाही.

सध्या नदी भरली आहे. मी काठावर जाऊन आलो, बेटाची नुसती झाडं दिसतात. पाणी उतरलं की शोभा येणार का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पाहू." मागची डावी काच मी अर्धी उघडी ठेवतो. पाऊस आत येतो, येऊ दे.

पण माझा दिवाकरशी हिशोब बाकी आहे. तो हे सगळं वाचतो, मला ठाऊक आहे, म्हणूनच इथे चारचौघांत लिहिलं. साडभाऊ, ललिताताई, तुम्ही दोघांनीही ऐका. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माझ्या गाडीत एक लेकरू बसून होतं. मी गाडी चालवत होतो. त्याला बाजार दाखवत होतो, मुंगूस दाखवत होतो, घरी आणत होतो, आणि तुम्हा सगळ्यांत मला एकट्यालाच ते माहीत नव्हतं. मी काय केलं असतं हे तुम्ही परस्पर कसं ठरवलं? मी हयातभर भाव केला, मान्य. पण माल न दाखवता माझ्याशी कुणी व्यवहार केला नव्हता. जवाब द्या. मला का नाही दाखवलं?