पत्ता सांगू नका

दोन शिंप्यांना काज-बटणं करून देणारी म्हणून तिला सगळे काजवाली मावशी म्हणायचे. जिन्याखालच्या खोलीत ती एकटी राहायची. स्वभाव बोलका, पण बोलायला माणूस नाही. मग ती दोरा तुटला की मशीनशीच भांडायची.

नवरा गॅरेजात मिस्त्री. एक दिवस डबा घेऊन कामावर गेला, तो परतलाच नाही. मूलबाळ नव्हतं. दिराने वर्षभर शोध घेतला, मग हात टेकले.

बऱ्याच वर्षांनी पोलिसांकडे चेहरे ओळखणारे कॅमेरे आले. येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाळत ठेवायची ही कुठली रीत, असल्या फंदात पडू नका, असं दीर म्हणाला. मावशीने ऐकलं नाही. गॅरेजवाल्यांच्या सहलीचा फोटो तिने चौकीत नेऊन दिला. बाकीच्यांच्या तोंडांवर कागद चिकटवून.

काही महिन्यांनी निरोप आला. हवालदाराने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. एवढा मान बघून ती खुर्चीच्या कडेवरच टेकली.

"सापडले," तो म्हणाला. "ठणठणीत आहेत."

दुसऱ्या शहरातल्या बसस्थानकावर कॅमेऱ्याने त्यांना हेरलं होतं. पोलिसांनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी नाव कबूल केलं.

"मग कधी येतायत?"

हवालदार टेबलावरचं पेन उगाच सरळ करत राहिला. "पत्ता कुणाला सांगू नका म्हणाले. सज्ञान माणूस आहे, मावशी. आम्हाला सांगता येत नाही."

एकटेच होते का, एवढंच तिने विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. तिने चहा संपवला आणि उठता उठता म्हणाली, "मग तो फोटो काढून टाका. माझ्यापायी ह्यांना परत कुणी अडवायला नको."

फाइल बंद होईल, पण फोटो यंत्रातच राहतो, तो काढणं आपल्या हातात नाही, असं हवालदाराने सांगितलं.

"अहो, मीच दिला होता ना?"

"दिलात तोवर तुमचा होता."

घरी येऊन तिने राहिलेले सदरे पुढ्यात ओढले. आजवर निदान वाट बघण्याचं काम होतं. आता तेही गेलं, आणि हे बोलणार कुणापाशी?

रविवारी दीर चौकशीला आला. काही कळलं नाही, असं तिने सांगितलं.

"तरी मी म्हटलं होतं, वहिनी. यंत्राला काय माणूस कळतो?"

मावशीने त्याला जेवायला वाढलं.