धक्का दिल्याशिवाय खाली जायचं नाही

फ्रेमवाल्यांचा जगात कशावरच विश्वास नव्हता, आणि ते त्यांच्या धंद्याला धरूनच होतं. लोकांच्या आजोबांना, लग्नांना आणि पदव्यांना चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्यात त्यांचा जन्म गेला. भिंत म्हणजे काय चीज असते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वरून रंग, आत भुसा. म्हणून खिळा ठोकला की ते त्याला स्वतः लोंबकळून बघत. त्यांची अंगकाठी अशी की खिळ्याला ते फारसं जाणवतही नसे, पण गिऱ्हाइकाचं समाधान होई. आपण टांगलेलं एकही चित्र आजवर पडलेलं नाही, हे ते रोज कुणाला तरी सांगतच. कुणी नसलं तर मांजरीला.

दुकान कायमचं बंद केल्यावर हा सगळा अविश्वास अंगणातल्या जुन्या मोटारीकडे वळला. मोटार त्यांच्या लेकीपेक्षा थोडी मोठी आणि तिच्यापेक्षा जास्त हट्टी होती. तिला गॅरेजात पाठवणं फ्रेमवाल्यांना कमीपणाचं वाटे. काय असेल ते घरी, स्वतःच्या हाताने. पण मोटारीखाली शिरणं म्हणजे काय, याची त्यांना पक्की जाणीव होती, आणि ती ते इतरांनाही करून देत. शेजारी कुणी नुसतं चाक बदलायला बसलं तरी हे कुंपणाशी हजर. "जॅक उचलतो, धरत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मोटार सपाट, टणक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोका. मग जॅकने उचला, खाली लोखंडी घोड्या लावा, सगळा भार घोड्यांवर सोडा. विटा लावणाऱ्याला तर ते माणसांत मोजत नसत. वीट सांगून फुटत नाही, असं म्हणत. ऐकणारा तोवर चाक बदलून निघून गेलेला असे.

एवढं सगळं झाल्यावर शेवटची तपासणी मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती बायकोच्या कमरेत होती.

त्याचं असं झालं होतं. फार वर्षांपूर्वी मोटार पहिल्यांदा घोड्यांवर चढली, तेव्हा बायको शिवणयंत्रावरून उठून दारात आली. ती कोट शिवायची. हात बारीक कामाचे, पण अंगाने भरभक्कम. पडली तर काय, असं तिने विचारलं. पडणार नाही, असं फ्रेमवाल्यांनी सांगितलं. ती पायऱ्या उतरली, पदर खोचला आणि मोटारीच्या कुशीत कमरेने असा दणका दिला की खिडकीच्या काचा थरथरल्या. घोड्या जागच्या हलल्या नाहीत. "जा आता," एवढं म्हणून ती पुन्हा कोटाकडे गेली. तेव्हापासून धक्का मिळाल्याशिवाय खाली जायचं नाही, असा त्या घराचा कायदाच झाला. फ्रेमवाल्यांनी तो धक्का कधी मागितला नाही. जॅकची किरकिर थांबली की ती आपण होऊन यायची. मागावं लागत नव्हतं म्हणून त्याची किंमतही त्यांना कळली नव्हती. नवऱ्यांचं असंच असतं.

आता मोटारीला नवं दुखणं लागलं. इंजिनाच्या तळाशी तेल काढायचा बोल्ट असतो, त्याखालचा वायसर गेला आणि अंगणात काळे थेंब पडू लागले. जावईबापूंना हे आयतंच सापडलं. त्यांनी एक भंगारवाला गाठून ठेवला होता. रविवारी मी येतो, तेव्हा अंगणात तेलाचा थेंब दिसला तर मोटार द्यायची, असं त्यांनी फोनवर सासऱ्यांकडून कबूल करून घेतलं. फ्रेमवाले तावातावाने हो म्हणाले. फोन ठेवल्यावर ते जाऊन मोटारीशेजारी उभे राहिले. याच मोटारीतून लेक जन्मल्यावर घरी आली होती, आणि याच मोटारीतून सासरी गेली. मोटार गेली तर अंगणात ते एकटेच उरणार होते, आणि आपल्याला बघायला कुणी अंगणात येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

लगेच कामाला लागायचं म्हणून त्यांनी सामान काढलं, तर चार पाचरींपैकी एक गायब. शोधता शोधता ती बायकोच्या शिवणयंत्राच्या एका पायाखाली सापडली. त्या यंत्राचा एक पाय आखूड होता. ते डगमगतं, त्याला एक ठोकळा करून द्या, असं ती कधीपासून सांगत होती, आणि हे उद्या करतो म्हणत होते. शेवटी तिने स्वतःची सोय केली होती. फ्रेमवाल्यांनी मागचापुढचा विचार न करता वाकून पाचर उपटली. यंत्र चालू होतं. ते कलंडलं, आणि वकिलाच्या काळ्या कोटाच्या कॉलरवरून पांढऱ्या धाग्याची शिवण थेट बाहीपर्यंत धावत गेली.

बायकोने कोट उचलून पाहिला, घडी घालून ठेवला. मग अंगणात जाऊन उरलेल्या तिन्ही पाचरी आणल्या, नवऱ्याच्या हातातली चौथी घेतली, आणि चारही यंत्राच्या चार पायांखाली घातल्या. आणि अबोला धरला.

त्या घरात अबोल्याची भाषा मांजरीमार्फत चाले. ताट वाढलंय, हे मांजरीला सांगितलं जाई. भूक नाही, हेही मांजरीलाच. मांजर दोघांचं ऐकून घेई आणि ताट फ्रेमवाल्यांनी नाकारलं तर स्वतः बघून घेई. शनिवारी सकाळी उसवलेल्या कोटाचे धागे काढता काढता बायकोने तिला जवळ घेतलं.

"साऱ्या गावाच्या भिंतीवरची चित्रं सरळ करत फिरले," ती मांजरीला म्हणाली. "घरातलं माझं यंत्र वाकडं आहे, ते मात्र यांना दिसलं नाही."

फ्रेमवाले दाराआड होते. वाक्य वर्मी लागलं. खरं असल्यामुळे जास्तच लागलं, आणि खरं बोलणं लागलं की माणूस सरळ वागेल असं नाही. ते तडक अंगणात गेले. पाचरी मागायच्या म्हणजे तोंड उघडायला हवं. ते काही झालं तरी उघडायचं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुंपणाकडच्या दोन विटा उचलल्या आणि मागच्या चाकांना लावल्या. होय, विटा. लावताना कुणी बघत नाही ना, एवढं पाहिलं.

जॅक किरकिरला. मोटारीचं नाक वर गेलं, घोड्या लागल्या, भार उतरला. फ्रेमवाले थांबले. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांनी दाराकडे पाहिलं. दार तसंच. मग त्यांनी स्वतःच मोटारीला कंबर लावून धक्का दिला. तो धक्का मोटारीला लागला की मोटार त्यांना लागली, हे सांगणं कठीण. मोटार हलली नाही. खिळ्याप्रमाणे तिलाही काही जाणवलं नसावं. झाली तपासणी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, जुनी सतरंजी अंथरली, बॅटरी पेटवून आत सरकवली आणि डोकं पुढे करून उताणे झाले.

ते अर्धा हात सरकले असतील, तोच उलटे जाऊ लागले. आधी त्यांना वाटलं मोटारच वर चाललीय. मग कळलं, सतरंजी चाललीय. बायकोने पायाकडची दोन टोकं धरून नवऱ्यासकट सतरंजी पायरीपर्यंत ओढत आणली. मग पदर खोचला, विटांकडे एकदा पाहिलं आणि कमरेने दणका दिला.

वीट सांगून फुटत नाही. अंगणाला फाटकाकडे किंचित उतार होता, जुना हँडब्रेक नावापुरता होता. मागची चाकं विटांचा चुरा करून सरकली, घोड्या आडव्या झाल्या आणि मोटारीचं नाक धाडकन जमिनीवर आलं. मांजर कुंपणावर गेली. आतल्या बॅटरीचा उजेड विझला. ती नंतर घोडीखालून निघाली तेव्हा चेपलेल्या पत्र्यासारखी चपटी होती.

फ्रेमवाले सतरंजीवर तसेच पडून होते. बायको त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तिने मांजरीला शोधलं, ती नव्हती. मग नाइलाजाने ती नवऱ्याकडे वळली.

"विटा?" ती म्हणाली. "तुम्ही?"

फ्रेमवाल्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुपारभर माळ्यावर खुडबुड चालली. दुकानातली सोनेरी पट्टी त्यांनी जपून ठेवली होती. मोठमोठ्यांना नाकारलेली, कोरीव कामाची. ती त्यांनी कापली, घासली, एकावर एक चिकटवली आणि सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवून शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली बसवली. बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत उठले नाहीत. चारही पाचरी हातात घेऊन मगच अंगणात गेले, पण मोटार पुन्हा घोड्यांवर चढेपर्यंत अंधार पडला.

रविवारी जावईबापू आले, तेव्हा मोटार घोड्यांवर होती आणि थेंब अजून पडत होता. फ्रेमवाल्यांनीच विषय काढला. कबूल केलं होतं, थेंब आहे, मोटार न्या, म्हणाले. जावईबापू खूष होऊन भंगारवाल्याला फोन लावू लागले.

"मोटार कुठे जात नाही," बायको दारातून म्हणाली. "वायसर बदलायचा राहिलाय, तो आज बदलतील."

जावईबापूंनी फोन खिशात टाकला. सासूपुढे त्यांचं कधीच चालत नसे. निदान उपयोगी पडावं म्हणून ते बाह्या सरसावत पुढे झाले. धक्का मारून बघायचा असतो ना, मी मारतो, म्हणाले. दंड चांगले कमावलेले होते.

फ्रेमवाल्यांनी त्यांना हाताने बाजूला केलं. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, ये ना जरा. तू धक्का दिल्याशिवाय मला खाली जायची भीती वाटते."

ती सावकाश पायऱ्या उतरली. पदर खोचला, पाचरी चारही जागेवर आहेत हे वाकून पाहिलं, आणि कमरेने दणका दिला. काचा थरथरल्या. मोटार हलली नाही.

"जा आता," ती म्हणाली. या वेळी मात्र ती कोटाकडे परत गेली नाही. ते बाहेर येईपर्यंत सतरंजीची टोकं धरून तिथेच बसून राहिली.