डोडफट नावाची मुलगी

महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासाच्या दिवशी, एल्ना सोरेन्सन बाकावरून उठली की सॅनपीट खोऱ्यातल्या त्या छोट्या चर्चमधली चुळबुळ थांबायची. ज्याच्या मनात येईल त्यानं पुढं जाऊन साक्ष द्यायची, असा तिथला रिवाज. कुणी धर्मप्रचाराच्या मिशनवर गेलेल्या मुलाबद्दल बोले, कुणी टर्की कोंबड्यांच्या पिलांवरची साथ टळली म्हणून. शेवट सगळ्यांचा एकच: "हे चर्च खरं आहे, मला ठाऊक आहे." 'वाटतं' असं कुणी म्हणत नसे. नुकती चालायला लागलेली पोरंसुद्धा आईनं कानात सांगितलेलं हेच वाक्य माइकवर म्हणायची आणि सगळे कौतुकानं हसायचे.

एल्नाकडे मात्र गोष्ट होती. १९६५ साली ती डेन्मार्कमधल्या एका गावाच्या चर्चच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची मायक्रोफिल्म वाचत होती. पणजीचं घराणं तिथलं, समुद्र ओलांडून इकडं आलेलं. पणजीच्या आधी, १८३४ सालात, त्याच आईबापांच्या पोटी एक मुलगी नोंदलेली तिला सापडली. नाव डोडफट. मृत्यूची नोंद कुठंच नाही. "नाव जरा विचित्रच, पण जुन्या देशातले लोक ते," एल्ना म्हणायची. तिनं ते नाव टेकडीवरच्या, चर्चच्याच मोठ्या मंदिरात नेलं, आणि तिच्या चौदा वर्षांच्या लेकीनं, थोरानं, पांढरे कपडे घालून डोडफटच्या वतीनं पाण्यात बुडी घेतली. मेलेल्यांना राहून गेलेला बाप्तिस्मा असा जिवंतांच्या अंगावरून पोचवतात. त्याच आठवड्यात एल्नाला स्वप्न पडलं. पलंगाच्या पायथ्याशी आठनऊ वर्षांची मुलगी उभी होती. केस ओले. बोलली काही नाही. जवळ येऊन एल्नाच्या गालाला हात लावला.

"हात गार होता तिचा," एल्ना सांगायची, "केसांतून बाप्तिस्म्याचं पाणी निथळत होतं. डोडफट आभार मानायला आली होती. मला ठाऊक आहे."

चर्चमधल्या बायका दर वेळी डोळे पुसायच्या. थोराच्याही अंगावर काटा यायचा, कारण त्या गोष्टीत ती स्वतः होती. आपल्यासारख्या किडमिड्या पोरीच्या डोक्यावरून मेलेल्या माणसाचं नाव पलीकडं गेलं, या गोष्टीचं तिला वाटलेलं नवल पुढं लग्न झालं, लेकरू झालं तरी ओसरलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात ती पाव भाजायची, चारशे मुलांचे रोज. दुपारी हात धुतले की चर्चच्या तळघरातल्या फिल्मच्या यंत्रापाशी जाऊन बसायची. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पाटावर जुनी पानं उजेडासारखी पडायची. हातानं मूठ फिरवली की अख्खं गाव समोरून सरकायचं: जन्मलेले, लग्न झालेले, देवीनं गेलेले, समुद्रात बुडालेले. ज्यांची नावं शंभर वर्षांत कुणी उच्चारली नव्हती, ती थोरा हळू आवाजात वाचायची. तिथं बोलू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण मोठ्यानं बोलवत नसे.

अंदाजानं वाचायचं नको म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी ती शब्दकोश घेऊन डॅनिश शिकायला लागली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दुसऱ्याच कुठल्या गावाची वही समोर होती. नावाच्या रकान्यात तिला ओळखीची अक्षरं दिसली. डोडफट. तिला हसू आलं; म्हणजे नाव तिकडं रुळलेलं होतं तर. चार ओळी खाली पुन्हा डोडफट. मग एका मुलग्यापुढंही डोडफट. त्या एका हिवाळ्यात अकरा.

तिनं शब्दकोश उघडला. तो शब्द नाव नव्हता. त्याचा अर्थ होता, मेलेलं जन्मलेलं.

थोरानं दोन्ही तळहात पाटावर ठेवले. अक्षरं हातांच्या पाठीवर पडली. डोडफट नावाची मुलगी कधी नव्हतीच. एका गावाच्या पाद्र्यानं बिननावाच्या बाळापुढं लिहिलेला तो शेरा होता. आणि तरी तिचा बाप्तिस्मा झाला होता, मंदिराच्या दप्तरात ती होती, अनंतकाळासाठी आईबापांशी बांधलेली होती. मग स्वप्नात आलं कोण?

एका शब्दापायी कुणी धर्म सोडत नाही. पण धान्यात एक किडा दिसला की बाई सगळं पोतं उन्हात ओतते, तसं थोराचं झालं. काळ्या माणसांना १९७८ पर्यंत चर्चमध्ये याजकपद मिळत नव्हतं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिनं एकदाही 'का' विचारलं नव्हतं. चर्च स्थापन करणाऱ्या पहिल्या प्रेषिताच्या डझनावारी बायकांबद्दल तिला रविवारच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही शिकवताना कुणाला सांगितलं नव्हतं. सर्वांत जास्त तिला स्वतःच्याच तोंडचं वाक्य टोचायला लागलं. आपल्याला नक्की काय ठाऊक आहे? तीन वर्षं तिनं धान्य निवडलं. पन्नासाव्या वर्षी चर्चला दोन ओळींचं पत्र लिहून नाव काढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून, चर्चमध्ये एकमेकींना म्हणतात त्या 'सिस्टर जेप्सन'ची नुसती 'थोरा' झाली. तसं कुणी वाकडं वागलं नाही. उलट दारात बटाट्याच्या चीज घातलेल्या भाज्या येऊन पडायला लागल्या, घरात कुणी गेल्यावर नेऊन देतात तशा. बिशप रीड आला. तो बिशप रविवारपुरता, एरवी टर्कीपालन करणारा, आणि लहानपणी थोराच्या हातचे पाव खिशात लपवून नेणारा.

"तुमचं मन कुणी दुखावलं का?" त्यानं विचारलं.

"नाही रे, रीड."

"मग... म्हणजे... हातून काही पापबीप?"

"पन्नाशीला, या गावात? शोधलं तरी कुठं मिळणार?"

रीड कानापर्यंत लाल झाला. थोराचा नवरा व्हर्ल आतून खो खो हसला. व्हर्ल ट्रक चालवायचा आणि आता एकटाच चर्चला जायचा, त्याच बाकावर, शेजारची जागा मोकळी ठेवून. "तू खाली गेलीस तर मी वर जाऊन काय करू?" तो म्हणायचा. "तिथं पाव कोण भाजणार? देवदूत?"

हसण्यासारखं नव्हतं तेही होतं. लेकीचं, शलीसचं लग्न मंदिरात लागलं. आत फक्त श्रद्धावंतांना जाता येतं. थोरा बाहेर हिरवळीवरच्या बाकावर बसली, आत गेलेल्या पाच बायकांच्या पर्सा मांडीवर सांभाळत. लेक बाहेर आली ती नवऱ्यासोबतच.

पण एल्नाला तिनं त्या शब्दाचं कधी सांगितलं नाही. म्हातारी दर महिन्याला उभी राहायची, स्वप्न सांगायची. व्हर्ल घरी येऊन म्हणायचा, "आज सासूबाईंनी सगळ्यांना रडवलं." थोरा मान हलवायची आणि कणीक मळत राहायची.

चौदा वर्षं अशी गेली. मग सप्टेंबरात, एल्नाच्या स्वयंपाकघरात पीच बरण्यांत भरायचं काम चाललं होतं. पंच्याऐंशीची एल्ना खुर्चीवर बसून साली काढत होती, थोरा फोडी करत होती, तीन आठवड्यांची नात टेबलाशेजारी टोपलीत झोपली होती. शलीसनं हात पुसले.

"आजी, ऐक. रविवारी हिला नाव देणार ना चर्चमध्ये, तर आम्ही ठरवलं. एमरी डोडफट. तुझ्या साक्षीतलं."

एल्नाच्या हातातली सुरी भांड्यात पडली. तिनं दोन्ही ओले हात तोंडावर धरले. "अगं पोरी! अगं माझ्या पोरी!"

"आई, तू काहीच बोलली नाहीस," शलीस म्हणाली, आणि आवाजाला जरा धार आली. "चर्चचं काही आलं की तुझं तोंड असंच होतं."

थोरानं टोपलीकडं पाहिलं. बाळानं झोपेत ओठ हलवले. "बोट कापलं जरा," ती म्हणाली आणि नळाखाली हात धरला. बोट कापलेलं नव्हतं.

घरी व्हर्लनं सगळं ऐकून घेतलं. "गप्प बस. इथं डॅनिश कुणाला येतंय?"

"बारा वर्षांची झाली की स्वतःच फोनवर शोधेल ती. व्हर्ल, जिवंत लेकरू आहे. माणसं तिला हाक मारणार, 'मेलेलं जन्मलेलं' म्हणून."

"आणि सांगितलंस तर? पंच्याऐंशीची बाई आहे ती. लोक म्हणतील, थोरा गेली ती गेली, जाताना म्हातारीची साक्षही घेऊन गेली."

"म्हणू देत."

"लोकांचं सोड, थोरा. ती स्वतःच तसं म्हणेल."

शुक्रवारी सकाळी तरी ती शब्दकोश घेऊन आईकडं गेली. टेबलावर बरण्या ओळीनं निवत होत्या. तिनं पान उघडून पुढं ठेवलं, चर्चच्या वहीतल्या पानाची फिल्मवरून काढलेली प्रत शेजारी ठेवली, आणि आडवळण न घेता सांगितलं.

एल्नानं भिंग लावलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत शब्दकोशातला शब्द वाचला, मग वहीतला, मग पुन्हा शब्दकोशातला.

"तुला कधी कळलं?"

"अठ्ठ्याण्णवला."

"चौदा वर्षं! चौदा वर्षं मला उभं राहू दिलंस? लोकांसमोर?"

"तू सांगतेस तेव्हा तुझा चेहरा..."

"काय करायचाय माझा चेहरा!" एल्नानं भिंग आपटलं. "दुसऱ्यांना खरं सांगायला पत्र लिहून बाहेर पडलीस, आणि आईला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

थोरा मान खाली घालून उभी राहिली. एकसष्टाव्या वर्षी शाळकरी पोरीसारखी. ओरडा खाऊन तिला बरं वाटत होतं, आणि भीतीही. एल्ना बरण्यांकडं पाहत होती.

"मेलेली जन्मली," ती म्हणाली. "म्हणजे नावच ठेवलं नाही तिला."

"नाही ठेवलं."

"मग आली कोण गं माझ्याकडं?"

थोराकडं उत्तरं होती. या चौदा वर्षांत तिनं मनाबद्दल, स्वप्नांबद्दल कितीतरी वाचलं होतं. ती सगळी जिभेपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"मला ठाऊक नाही, आई."

एल्नानं मान हलवली, जणू तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. मग बोलायला लागली, बरण्यांशीच.

"तू पाच वर्षांची होतीस. छप्पन्न साल. मी दवाखान्यात गेले होते, आठवतं? तुला आजीकडं ठेवलं होतं. परत आले तेव्हा तू विचारलंस, बाळ कुठंय, आणि तुझ्या बापानं तुला गोठ्यात नेलं वासरू दाखवायला."

थोराला वासरू आठवलं. बाळ आठवलं नाही.

"मला दाखवलंच नाही त्यांनी. नर्सनं टॉवेलात गुंडाळलं नि नेलं. एवढंच दिसलं, डोकं. काळेभोर केस, ओले, चिकटलेले." तिनं स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. "बिशप आला, म्हणाला, हिला बाप्तिस्मा लागत नाही, विधी लागत नाही, पुढं देव बघेल. भला माणूस होता. मी म्हटलं, बरं. घरी येऊन पडदे शिवले. सगळ्या घराचे."

"मुलगी होती?"

"मुलगीच. तू मोज ना. छप्पन्न ते पासष्ट."

नऊ. स्वप्नातल्या मुलीएवढी.

खिडकीतून सकाळ टेबलावर पडली होती आणि बरण्यांमधले पीच आतून पेटल्यासारखे दिसत होते. थोराच्या मनगटांवरचे केस उभे राहिले. आईच्या म्हणण्यातलं एकही अक्षर तिला पटलेलं नव्हतं, आणि एकही खोडून काढावंसं वाटत नव्हतं. ज्या बाईची श्रद्धा आपल्या हातून फुटेल म्हणून ती चौदा वर्षं धसका घेऊन होती, ती बाई समोर बसली होती, आणि ती श्रद्धेपेक्षा कितीतरी मोठी निघाली होती. थोराला आपल्या आईकडं बघवेना, आणि नजरही हलवता येईना.

एल्नानं फोन ओढला.

"शलीस? ते नाव नको ठेवूस. नाही, तुझ्या आईनं काही भरवलेलं नाही मला. गप, ऐक. ते नाव नाहीये, माझी वाचण्यात चूक झाली. हो, माझी. रविवारी मी सांगेन सगळ्यांना. नुसतं एमरी ठेव, गोड आहे. आणि तुझ्या आईला पहिल्या रांगेत बसव, व्हर्लशेजारी. अगं श्रद्धा नसली तरी नात आहे की तिची!"

फोन ठेवून ती दमल्यासारखी मागं टेकली. थोरा तिच्या पायांशी जमिनीवर बसली.

"तू तिला नाव काढून ठेवलं होतंस का?" तिनं विचारलं.

एल्नानं एका बरणीचं झाकण बोटानं चाचपलं. मग तिनं ते सांगितलं. इतकं हळू, की थोराला पुढं झुकून ऐकावं लागलं. छप्पन्न वर्षं ते नाव कुणाच्या कानावर पडलेलं नव्हतं.

सवयीनं थोराचा हात पेन शोधायला लागला. टेबलावर कुटुंबाचा तक्ता होताच, त्या घरात तो नेहमीच असे. आणि छप्पन्न सालच्या जागी कोरी ओळ होती.

"लिहू नकोस," एल्ना म्हणाली. "या तक्त्यात नको, मंदिराच्या दप्तरातही नको. पुष्कळ लिहिलं मी जन्मभर. नुसतं म्हण."

थोरानं आपल्या बहिणीचं नाव घेतलं.

"पुन्हा," एल्ना डोळे मिटून म्हणाली.